रकाना क्रमांक सहा

सेमिस्टर संपता संपता विभागाकडून गठ्ठा येतो:
वैयक्तिक विकास आराखडा, दोन पानी,
डाव्या कोपऱ्यात स्टेपल, उजव्या कोपऱ्यात फोटोची जागा.
प्रत्येक मार्गदर्शकाला बावीस विद्यार्थी,
प्रत्येक विद्यार्थ्याला वीस मिनिटं.
आयुष्याला वीस मिनिटं तशी बरी आहेत,
बँकेत याहून कमी मिळतात.

मला दिलेली खोली म्हणजे जुनी प्रयोगशाळा.
पंखा तीनवर ठेवला की कागद उडतात,
दोनवर ठेवला की माणसं घामेजतात.
खिडकीतून चिमण्या दिसतात.
रिफायनरीच्या. दुसऱ्या चेंबुरात आता कुठे.

सतरावी: श्रावस्ती रणपिसे, तृतीय वर्ष कला,
मानखुर्द, सातवा मजला, लिफ्ट बंद.
तिनं फॉर्म माझ्याकडे सरकवला, पालथा.
ध्येय: ग्रॅज्युएशन.
बलस्थानं: एक आडवी रेघ.
उणिवा: नाही म्हणता येत नाही.
रकाना क्रमांक सहा,
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता,
तिथे फक्त एक ठिपका, शाई पसरलेला.
पेन बराच वेळ टेकवून ठेवलं असणार.

कुणाला म्हणता येत नाही, नाही?
बिल्डिंगमधल्यांना, मॅडम.
रात्री नऊनंतर दार वाजत राहतं.
कुणाचं रेशन कार्डातलं नाव, कुणाचं आधार,
विधवा पेन्शन, शताब्दीचा केसपेपर,
कुणाच्या मुलाची पंचवीस टक्क्यांतली शाळा.
आजवर किती भरलेस?
तिनं छताकडे पाहिलं.
चारशे असतील. वही आहे.
आणि परत आलेले?
नऊ. त्यातले सहा सही राहिली म्हणून.
आणि तू बलस्थानांत रेघ मारलीस, मी म्हटलं.
ते काय, मॅडम. ते तर नुसतं फॉर्म भरणं.

इथे मला माझं पेन उघडायचं होतं.

मागच्या वर्षी निनाद फडतरे नावाच्या मुलाचा
अख्खा आराखडा मीच लिहून दिला:
बी.एड., मग सेट, मग कायम नोकरी,
मध्ये बाण काढून, माझ्या वळणदार अक्षरात.
तो थँक्यू म्हणाला, मान खाली घालून.
दिवाळीनंतर हजेरीपटावर त्याच्या नावावर
लाल रेघ.
तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.
सगळ्यांत व्यवस्थित भरलेला तोच.

म्हणून टोपण लावूनच ठेवलं.
पंखा एकवर आणला.
बाहेर अठरावा खोकला, मग पुन्हा खोकला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
पाच वर्षं खोडून दुसरं लिहिलं तर चालतं?
काय लिहिशील?
पुढचा मंगळवार.
मंगळवारी मी दार उघडणार नाही.
समाजकार्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म आहे,
माझ्या नावाचा. तो भरेन.
हे तिनं अशा आवाजात सांगितलं
की वाटावं, कुणा शेजारणीची चहाडी करतेय.

मंगळवार हा कालावधी
विभागाच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही.
मी सही केली, शिक्का मारला,
तो जरा तिरका उमटला.

मंगळवारी रात्री भाजी चिरता चिरता
उगाचच दोनदा घड्याळ पाहिलं.

बुधवारी ती दारातूनच म्हणाली,
अर्धा झाला, मॅडम. दार वाजलं.
उघडलंस?
उघडलं. तळमजल्यावरच्या बेबीमावशी होत्या.
सांगितलं, बसा, आधी माझं होऊ दे.
बसल्या?
बसल्या की. पाऊण तास.
विचारत होत्या, हा फॉर्म कुणाचा.

मग तू काय सांगितलंस, हे विचारेपर्यंत
ती जिन्यावर होती,
आणि राहिलेला एकविसावा
समोर येऊन बसला होता.
मी पंखा तीनवर केला,
त्याला म्हटलं, कागद तूच धर.